सहीत पूर्ण नाव का नसतं? शिक्कामोर्तबापासून डिजिटल सहीपर्यंत आद्याक्षरांची गोष्ट

माझं गाव खर्डा. नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, तालुका जामखेड. पुण्यात ऑफिसमध्ये गावाचं नाव सांगितलं की कोणीतरी हमखास विचारतं, "मिरचीचा का?" इतिहासाची आवड असलेला एखादा लगेच १७९५ ची लढाई काढतो. पण या शब्दाचा तिसरा अर्थ फारसा कोणाला आठवत नाही. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. 'खर्डेघाशी' हा शब्द त्यातूनच आलाय.

आजचा विषय या तिसऱ्या खर्ड्याच्या समासात सापडतो. सरकारी कचेरीत पत्राचा कच्चा मसुदा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. तो वाचलेला प्रत्येक माणूस कडेला दोन-तीन अक्षरं खरडतो आणि खाली तारीख टाकतो. याला कार्यालयीन मराठीत 'आद्याक्षरी' किंवा 'लघुस्वाक्षरी' म्हणतात. शेवटी जे पक्कं पत्र निघतं त्यावर मात्र एकाचीच पूर्ण सही, खाली कंसात नाव आणि पदनाम. तुम्ही गृहकर्ज घेतलं असेल तर तुम्हीही हे केलंय. तीस-चाळीस पानांचा करार, प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात छोटी सही आणि शेवटच्या पानावर मोठी.

मग लोक आद्याक्षरं का वापरतात? "वेळ वाचतो" हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. सही एकाच वेळी दोन कामं करते. पहिलं काम, 'हा मी आहे' हे सांगणं. दुसरं, 'हे मी पाहिलंय, मला मान्य आहे' हे सांगणं. आद्याक्षरं दुसरं काम झकास करतात. पहिलं काम त्यांना तेव्हाच जमतं, जेव्हा समोरचा तुम्हाला आधीपासून ओळखत असतो. तहसीलमधल्या समासात 'रा. मा.' म्हणजे कोण हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं. खोलीबाहेर ती नुसती दोन अक्षरं आहेत. आद्याक्षरांवरून जे घोळ होतात, ते जवळपास सगळे या एका फरकातून निघतात.

आधी शिक्का होता, आणि मोर्तबही

ही दोन कामं वेगळी आहेत हे आपल्याकडे फार आधी कळलं होतं. पुरावा रोजच्या बोलण्यात आहे: शिक्कामोर्तब. आपण हा एकच शब्द समजतो, पण तो दोन वस्तूंचा जोड आहे. मराठेशाहीतल्या पत्रावर वरच्या बाजूला शिक्का असे, म्हणजे मोठी मुद्रा. त्यात नाव, घराणं, कोणाच्या वतीने कारभार चालतो ते. शिवाजी महाराजांची राजमुद्रा सगळ्यांना पाठ असते, तो शिक्का. पत्र संपलं की शेवटच्या ओळीनंतर लहान मुद्रा उठवत, ती मोर्तब. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' एवढीच अक्षरं आहेत. पत्राची मर्यादा इथे संपली, असा त्याचा रोख. पेशवाईच्या काळात 'लेखनसीमा' अशीही अक्षरं दिसतात. मोर्तबात नाव असण्याची गरजच नव्हती. खाली कोणी दोन ओळी घुसवू नयेत, हे तिचं काम. करारातल्या प्रत्येक पानावरची छोटी सही आज नेमकं हेच करते: मधलं पान काढून कोणी दुसरं घालू नये.

आमच्या गावात ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजामाने निंबाळकरांच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि शेवटी तह केला. त्या काळी असे मोठे कागद पक्के व्हायचे ते शिक्के उठल्यावर. आजही दोन देशांत करार होतो तेव्हा आधी अधिकारी मजकुरावर आद्याक्षरं करतात आणि मग मंत्री किंवा पंतप्रधान सही करतात. १९६९ च्या व्हिएन्ना करारात, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारांच्या नियमावलीत, याची तरतूद आहे. आद्याक्षरी झाली म्हणजे 'मजकूर हाच, आता यात बदल नाही'. सहभागी देशांचं आधी तसं ठरलं असेल, तर नुसती आद्याक्षरी ही पूर्ण सही मानली जाऊ शकते.

हे झालं दरबाराचं. गावात लिहिता न येणारा माणूस काय करत होता? तो निशाणी करायचा. जुन्या वतनाच्या कागदांवर पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, 'निशाणी नांगर'. बलुतेदार आपापल्या धंद्याचं हत्यार काढत. नाव कारकून लिहायचा, खूण ज्याची त्याची. मला हे फार हुशारीचं डिझाइन वाटतं. ओळख एकाने नोंदवली, संमती दुसऱ्याने दिली, आणि दोन्ही एकाच ओळीत शेजारी. पुढे इंग्रजांच्या काळात नांगराची जागा डाव्या अंगठ्याने घेतली. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये 'सही' या शब्दात, नाव लिहिता न येणाऱ्याने केलेली खूणही धरली आहे. सहीत पूर्ण नाव वाचता आलंच पाहिजे अशी अट त्या व्याख्येत नाही.

म्हणून तुमची सही 'अ. पाटील' असो, नुसतं 'अ' आणि पुढे लांब शेपूट असो, किंवा कोणालाच न वाचता येणारी वेटोळी असोत, चेक वटतो. बँकेतला माणूस ती वाचत नाही, नमुन्याशी ताडून बघतो. वळणं, वेग, कुठे दाब दिलाय, कुठे पेन उचललंय. सही हजारदा करून हाताला बसलेली असते, हात विचार न करता ती काढतो. आद्याक्षरं त्यासाठी सोयीची, कारण ती एका झटक्यात होतात. पूर्ण नाव सावकाश लिहावं लागतं, आणि सावकाश लिहिलेलं दुसऱ्यालाही सावकाश गिरवता येतं.

पुलं, गदिमा, जीए आणि आपलं मराठी डोकं

मराठीत आद्याक्षरांचा सोस जरा जास्तच आहे. पु. ल. देशपांडे, वि. स. खांडेकर, प्र. के. अत्रे, ग. दि. माडगूळकर, चिं. त्र्यं. खानोलकर, ना. धों. महानोर. शाळेच्या पुस्तकात धड्याखाली नाव यायचं तेव्हा मला वाटायचं, लेखक व्हायचं तर आधी नाव कापावं लागतं की काय! खेड्यांच्या कारभारावर 'गावगाडा' हे अजोड पुस्तक लिहिणारे आत्रेसुद्धा त्रिं. ना. आत्रे. नंतर तर आद्याक्षरांचीच नावं झाली. पुलं, वपु, गदिमा, जीए. 'गदिमां'ना विभक्तीही लागते, म्हणजे भाषेने तो शब्द म्हणून स्वीकारला.

यामागे आपली नावाची पद्धत आहे. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आद्याक्षरं करताना आपण पहिली दोन कापतो आणि आडनाव पूर्ण ठेवतो. मोठ्या माणसाचं पाळण्यातलं नाव तोंडावर घ्यायचं नाही ही जुनी रीत त्यात बसते. बाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, घ्यायचं झालं तर उखाण्यात. ऑफिसात साहेब आडनावाने ओळखला जायचा. 'पु. ल.' म्हटलं की पुरुषोत्तम हे घरगुती नाव झाकलं जातं आणि मान राखला जातो.

तमिळनाडूत बरोबर उलटं. आपला क्रिकेटपटू आर. अश्विन. यात आर म्हणजे रविचंद्रन, त्याचे वडील. अश्विन हे त्याचं स्वतःचं नाव, आणि आडनाव नाहीच. बुद्धिबळातल्या विश्वनाथन आनंदचंही तसंच, विश्वनाथन हे वडिलांचं नाव. तिथे आडनाव गळण्यामागे चळवळ आहे. १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातदर्शक पदव्या नावातून काढून टाकायचं ठरलं, आणि पेरियार यांनी स्वतःच्या नावातलं 'नायकर' काढलं. तिथल्या आद्याक्षरांनी जात झाकली. आपल्या आद्याक्षरांनी नाव झाकलं आणि आडनाव उघडं ठेवलं. आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या डोक्यात काय हिशोब चालू होतो हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. 'ओळख लपवायला लोक आद्याक्षरं वापरतात' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी विचारावं, कोणती ओळख?

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. दुर्गा भागवत, इरावती कर्वे, शांता शेळके, गौरी देशपांडे. नावं आठवत जा, मराठी लेखिकांच्या यादीत आद्याक्षरं शोधावीच लागतात. मला यामागे एक साधं कारण दिसतं. मधलं अक्षर वडिलांचं असतं आणि लग्नानंतर नवऱ्याचं होतं, आडनावही बदलतं. तीनातले दोन भाग बदलणार असतील तर टिकणारं एकच उरतं, स्वतःचं नाव, मग तेच कापायचं कशाला? इंग्रजीत मात्र बायकांनी आद्याक्षरं मुद्दाम वापरली. हॅरी पॉटरच्या लेखिकेचं नाव जोअॅन रोलिंग. लेखक बाई आहे हे कळलं तर मुलगे पुस्तक घेणार नाहीत या धास्तीने प्रकाशकांनी आद्याक्षरं सुचवली. तिला मधलं नावच नव्हतं, तेव्हा आजीच्या कॅथलीन नावाचं 'के' घेतलं आणि जे. के. रोलिंग तयार झाली.

बी म्हणजे ब की भ?

आता माझ्या धंद्याकडे वळतो. इंग्रजी शिक्षण आलं आणि आपण आद्याक्षरंही इंग्रजीतून करायला लागलो. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे गु. आ. न होता जी. ए. झाले. श्रीधर महादेव जोशी एस. एम. झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख रायगडकडचे, त्यांची सही सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटांवर 'सी. डी. देशमुख' अशी छापली गेली. देशभर ती चालली, कारण खाली 'गव्हर्नर' हे पद छापलेलं होतं आणि गव्हर्नर एका वेळी एकच असतो. ओळखीचं काम पदाने केलं.

पण गावात पद नसतं. तिथे रोमन आद्याक्षरं फार माहिती गाळतात. रोमन 'बी'मध्ये ब आणि भ दोन्ही जातात. 'के'मध्ये क आणि ख. 'टी'मध्ये त, थ, ट, ठ असे चार. 'डी'मध्ये द, ध, ड, ढ, आणि वर ज्ञानेश्वरसुद्धा, कारण मराठी माणूस त्याचं स्पेलिंग 'डी'पासून करतो. हिंदीवाला तेच 'जी'पासून करतो. म्हणजे एकाच नावाची दोन वेगळी आद्याक्षरं, आणि चार वेगळ्या नावांचं एकच.

हिशोब करून बघा. रोमन अक्षरं २६, म्हणून दोन आद्याक्षरांच्या जोड्या २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. बऱ्याच वाटतात. पण प्रश्न 'माझ्यासारखी जोडी दुसऱ्याची असेल का' एवढाच नाही, 'गटातल्या कोणत्याही दोघांची जुळेल का' हा आहे. कॉलेजात वाढदिवसाचं कोडं शिकवतात ना, २३ जणांत दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, तेच गणित इथे लागतं. सगळ्या जोड्या सारख्याच वापरल्या जातात असं धरलं तरी एकाच आडनावाची ३१ माणसं झाली की दोघांची आद्याक्षरं जुळण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. प्रत्यक्षात एस, आर, बी ने सुरू होणारी नावं उदंड आणि क्यू, एक्स ची शून्य, म्हणजे त्याच्याही आधी. एका आडनावाची भावकीच शंभराच्या वर असते अशी गावं तुम्हाला माहीत असतील.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या लॉगिनला आद्याक्षरंच घेतली होती. डेनिस रिची 'डीएमआर', ब्रायन कर्निघन 'बीडब्ल्यूके'. गंमत बघा, मशीन आतून ती अक्षरं ओळख म्हणून वापरतच नव्हतं. प्रत्येकाला एक आकडा दिलेला असे, यूजर आयडी. अक्षरं माणसांसाठी, आकडा मशीनसाठी. आधारचे १२ आकडे तेच काम करतात.

कॉम्प्युटरला 'अक्षर' म्हणजे काय ते कळत नाही

"मग मराठीतच आद्याक्षरं ठेवू" असं म्हणाल. ठेवावीत, मी त्याच मताचा आहे. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने थोडं जागं राहायला हवं.

आपण ज्याला अक्षर म्हणतो ते युनिकोडमध्ये बऱ्याचदा अनेक तुकड्यांचं असतं. 'चिं' दिसायला एक अक्षर, साठवताना तीन तुकडे: च, वेलांटी, अनुस्वार. 'त्र्यं' मध्ये तर सहा: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार. हे यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर प्रत्येक तुकड्याला तीन बाइट, म्हणजे एका आद्याक्षराला १८ बाइट. इंग्रजी 'टी' ला एक.

आता नवशिका प्रोग्रामर आद्याक्षर कसं काढतो? स्ट्रिंगमधला शून्यावा घटक घेतो. इंग्रजीत बरोबर चालतं. मराठीत त्र्यंबकचं 'त' होतं, ज्ञानेश्वरचं 'ज' आणि चिंतामणचं 'च'. कॉन्टॅक्ट यादीत नावाशेजारी गोल रंगीत वर्तुळात एक अक्षर दिसतं ते बघा, श्रीकांतच्या वर्तुळात 'श' दिसला तर समजा तिथे कोणीतरी शून्यावा घटक उचललाय. खानोलकर असे 'च. त. खानोलकर' झाले असते.

यावर युनिकोडमध्ये उपाय आहे, त्याला 'ग्राफीम क्लस्टर' म्हणतात. वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे एक अक्षर वाटतं त्याच्या सीमा कुठे मोडायच्या याचे नियम. पण गंमत म्हणजे हे नियम बराच काळ जोडाक्षर हलन्तापाशी तोडत होते. 'चिं' नीट यायचं, 'त्र्यं' चे मात्र तीन तुकडे पडायचे. देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला, २०२३ साली. तुमची लायब्ररी त्याआधीची असेल तर अजूनही तुटतं. जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल डॉट सेगमेंटर' वापरा, आणि टेस्ट लिहिताना त्र्यंबकला जरूर बोलवा.

लघुरूपाच्या चिन्हाचीही एक गोष्ट आहे. आपण पु. ल. मध्ये इंग्रजीचा पूर्णविराम वापरतो. पण देवनागरीचं स्वतःचं लाघवचिन्ह आहे, बारीक वर्तुळासारखं: ॰. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९७०. हिंदीत ते अजून दिसतं, मराठी छपाईत जवळपास गेलं. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली तेव्हा मोडीसाठी वेगळं लघुरूपचिन्ह घेतलं गेलं. ते लागणारच होतं, कारण मोडी कागद म्हणजे लघुरूपांचं जंगल. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, मौजेचं 'मौ', बिनचं 'बि', म्हणजे अमक्याचा मुलगा. कागद महाग, वेळ कमी, आणि वाचणारा त्याच व्यवहारातला.

भावाभावांत अडकलेला पैसा

आद्याक्षरं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली की काय होतं, ते आमच्या घरात बघायला मिळालं. नावं बदलून सांगतो. माझे चुलते बाळासाहेब किसन, त्यांचे थोरले भाऊ भाऊसाहेब किसन. दोघांची खाती एकाच बँकेत, फार जुनी. त्या काळी कॅशियर दोघांना तोंडाने ओळखायचा, त्यामुळे पासबुकावर रोमनमध्ये 'बी. के.' आणि आडनाव लिहिलं तरी कोणाचं अडत नव्हतं. दोघांचं तेच. खाते क्रमांक वेगळे होते, झालं.

मग योजनांचे पैसे थेट खात्यात यायला लागले. सातबाऱ्यावर पूर्ण मराठी नाव, आधारवर पूर्ण नाव, बँकेत 'बी. के.'. नावं जुळत नाहीत म्हणून चुलत्यांचा अर्ज परत आला. एक पूर्ण हंगाम पैसे अडकले. खतासाठी हातउसने घ्यावे लागले, आणि त्यात भावाभावांत 'माझे पैसे तुझ्या खात्यात तर गेले नाहीत ना' असा संशयही येऊन गेला. गेले नव्हते. पण दोन आद्याक्षरांनी तो संशय घरात आणला होता.

मशीन नावं जुळवतं कसं? एक सोपी पद्धत म्हणजे एका नावाचं दुसरं करायला किती तुकडे बदलावे, घालावे, काढावे लागतात ते मोजायचं. याला 'लेव्हनश्टाइन अंतर' म्हणतात. 'बाळासाहेब किसन' चं 'भाऊसाहेब किसन' करायला तीन बदल पुरतात. ब चा भ, ळ चा ऊ, आणि एक काना काढायचा. तेच 'बाळासाहेब किसन' चं 'बी के' करायला अकरा बदल लागतात. म्हणजे या मापाने चुलते स्वतःच्या आद्याक्षरांपेक्षा स्वतःच्या भावाशी कितीतरी जास्त जुळतात. माणूस अशी चूक करणार नाही, कारण 'बी' हे 'बाळासाहेब' चं लघुरूप आहे हे त्याला कळतं. चांगली सॉफ्टवेअर आद्याक्षरांसाठी वेगळा नियम ठेवतात, पण तिथेही ती 'असू शकेल' एवढंच म्हणू शकतात. 'बी. के.' भाऊसाहेबांनाही तितकंच लागू आहे.

चुलत्यांनी शेवटी जामखेडला जाऊन 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र केलं, आधार आणि सातबारा जोडला आणि बँकेत खात्यावरचं नाव पूर्ण करून घेतलं. सही मात्र जुनीच ठेवली, 'बी. के.' आणि खाली दोन रेघा. ती बदलायची गरजही नव्हती, आणि नेमका हाच मुद्दा बऱ्याच जणांचा सुटतो. नाव आणि सही या बँकेच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत. खात्याचं नाव आधारप्रमाणे पूर्ण असावं. सही हवी तशी असू द्या, फक्त नमुन्यासारखी दर वेळी तशीच यायला हवी.

पॅन कार्डाने हा भेद फार नेमका पकडलाय. वर्षानुवर्षं भरल्या गेलेल्या फॉर्म ४९ए वर पहिल्याच रकान्यात लिहिलेलं असतं की पूर्ण विस्तारित नाव लिहा, आद्याक्षरं चालणार नाहीत. आणि त्याच्या पुढचा रकाना असतो: कार्डावर छापण्यासाठी नावाचं संक्षिप्त रूप. म्हणजे डेटाबेसला पूर्ण नाव द्या, कार्डावर हवं तर आखूड करा. वर पॅन क्रमांकाच्या पोटातच एक आद्याक्षर बसलेलं आहे. दहा चिन्हांतलं चौथं अक्षर खातेदाराचा प्रकार सांगतं, व्यक्तीसाठी 'पी', आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं रोमन अक्षर असतं. आत्ता आपलं पॅन काढून बघा.

डिजिटल सहीत आद्याक्षरं कुठे गेली?

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. मंत्रालयातले शासन निर्णयही तसेच निघतात, शेवटी 'डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित' असं वाक्य असतं. या कागदांवर प्रत्येक पानाला आद्याक्षरी नसते. विसरलेत असं नाही. लागतच नाही.

डिजिटल सही करताना सॉफ्टवेअर आधी पूर्ण फाइलचा 'हॅश' काढतं, म्हणजे ठरावीक लांबीचा एक ठसा. फाइल एक पानाची असो की पाचशे, ठसा तेवढाच. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. मग अधिकाऱ्याच्या खासगी किल्लीने त्या ठशावर सही होते. नंतर कोणी गट नंबर बदलला किंवा मधलं पान काढलं तर पडताळणी फसते. थोडक्यात, हॅश हे मोर्तब आहे. आणि सहीसोबत जे प्रमाणपत्र येतं त्यात अधिकाऱ्याचं पूर्ण नाव असतं आणि ते नाव परवानाधारक संस्थेने तपासलेलं असतं, तो शिक्का.

पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमच्या पीडीएफ वाचकाला भारताच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला अजून सांगितलेलं नाही. सेटिंगमध्ये ते एकदा केलं की हिरवी खूण येते. उलट, सहीचं नुसतं चित्र, म्हणजे कागदावर सही करून फोटो काढून वर्डमध्ये चिकटवलेलं, कितीही झोकदार दिसलं तरी त्यात ना शिक्का असतो ना मोर्तब. ते कोणीही उचलून दुसरीकडे चिकटवेल. मोबाइलवर बोटाने गिरवून घेतलेल्या सहीचंही चित्र म्हणून तेच, तिच्यामागे ओटीपी किंवा आधारची ई-साइन आहे का ते विचारा.

माझ्या कामात तर कोडवर सही करायची रोजची पद्धत आद्याक्षरीसारखीच आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून झाला की आम्ही 'एलजीटीएम' टाकतो, 'मला ठीक दिसतंय' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची चार आद्याक्षरं. नाव टाकत नाही. कोणी टाकलं, कधी टाकलं, कोणत्या बदलावर टाकलं हे सिस्टिम बाजूला स्वतः नोंदवते. समासात खरडणाऱ्या अव्वल कारकुनाने हे लगेच ओळखलं असतं.

आता आद्याक्षरांचा एक नवा प्रश्न येतोय. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवल्याप्रमाणे १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आहे. आईचं नाव पहिल्यांदा रकान्याबाहेरून नावात आलं, ते बरंच झालं. या मुलांची आद्याक्षरं दोनऐवजी तीन असतील, रोमनमध्ये १७,५७६ जोड्या, म्हणजे भावकीत गोंधळ कमी. सख्ख्या भावंडांत मात्र शेवटची दोन अक्षरं सारखीच राहणार. आणि आपण बनवलेल्या कितीतरी फॉर्ममध्ये अजून तीनच रकाने आहेत: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आई आणि वडील दोघांना 'मधलं नाव' मध्ये बसवताना कोणी मधे जागा सोडेल, कोणी सोडणार नाही, कोणी एकाचं आद्याक्षरच टाकेल. ही मुलं काही वर्षांत पहिलीच्या प्रवेशाला येतील. शाळांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी चौथा रकाना आत्ताच वाढवावा.